मन्स्टरची आयरिश: ब्रॉड-स्लेंडर व्यंजनं जमत नाहीत

पाणकावळा:
दक्षिण आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातली, केरीतल्या डिंगल द्वीपकल्पाकडची आयरिश भाषा शिकतोय. तिच्यात व्यंजनांची दोन रूपं असतात: ब्रॉड (जाड) आणि स्लेंडर (‘ई’च्या छटेचं). स्लेंडर व्यंजनाला मागे ‘य’ जोडतो, तर ते चूक म्हणतात. उत्तरेकडच्या डोनेगॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच शब्द भलतेच ऐकू येतात. कुठून सुधारू?

ध्वनिवेडा:
‘य’ मागून येत नाही, व्यंजनाबरोबरच होतो. ओठ ‘ब’साठी मिटले असतानाच जीभ ‘ई’च्या जागी हवी. ब्रॉडला उलट, जिभेचा मागचा भाग मऊ टाळूकडे. म्हणून ‘बी’ (अस, हो) साधं ऐकू येतं आणि ‘पिवळा’साठीचा शब्द ‘ब्वी’सारखा. शब्दाच्या शेवटी तर ‘य’ची युक्ती चालतच नाही: होडी ‘बाद’, होड्याही ‘बाद’च, फक्त शेवटचा द स्लेंडर. हीच जोडी रोज म्हणा.

ब्रॉड त-द आपल्यासारखे दंत्य आहेत, इंग्रजीच्या सवयीने ट-ड करू नका. मात्र शब्दारंभी प, त, क श्वासासकट येतात. ‘ता’ (आहे) किंचित ‘था’कडे झुकतो.

केल्टिककट्टा:
डोनेगॉलचं रेकॉर्डिंग तूर्त बाजूला ठेवा. तिथे स्लेंडर त जवळजवळ ‘चिमणी’तला च होतो, मन्स्टरमध्ये सहसा इतका घासत नाही. स्पेलिंगमधले ब्रॉड ‘बीएच’ (bh), ‘एमएच’ (mh) मन्स्टरमध्ये दात-ओठांचा व्ह, उत्तरेत ओठ गोल करून व. टेकडी इथे ‘क्नॉक’, तिथे ‘क्रॉक’. बायका इथे ‘म्ना’, तिथे ‘म्रा’.

मन्स्टरची खरी खूण शब्दाच्या शेवटी असते. स्पेलिंगमधल्या ‘आयजीएच’चा (igh) उच्चार ‘इग’: ‘इश्तिग’ (आत), इतरत्र ‘इश्ती’. पण मागून सर्वनाम आलं की ग गळतो. ‘शॉन गेला’ म्हणजे ‘दिमिग शॉन’, ‘तो गेला’ म्हणजे ‘दिमं शे’. नवशिके इथे हमखास ग ठेवतात.

टाळूवाला:
वरच्यांनी र सोडला. स्लेंडर र म्हणजे एकच टिचकी, जिभेचा मधला भाग वर. ‘र्य’ असे दोन तुकडे झाले की चुकलं. शब्दारंभी मात्र र ब्रॉडच, पुढे ‘ई’ असली तरी. ‘री’ (राजा) म्हणून पाहा.

स्लेंडर स म्हणजे श, पण शब्दारंभी प, म, र यांच्या आधी तो स-च राहतो. आकाश ‘स्पेर’, ‘श्पेर’ नाही. नियम पाठ केलेले लोक इथेच अडकतात, कारण स्पेलिंगमध्ये पुढचा स्वर स्लेंडर (i किंवा e) दिसतो.