धुऱ्यावरची बाभूळ आणि फुकटचं सरपण

प्रेषक: नाना
7 डिसेंबर, मुक्काम गाव (राळेगाव तालुका, यवतमाळ)

मंडळी, नमस्कार.

दर हिवाळ्यात मी गावी आलो की आपल्या मिशिगनच्या मराठी मंडळाच्या मेल-लिस्टवरून कोणी ना कोणी विचारतंच, "नाना, तिकडे दिवसभर करता तरी काय?" यंदा उत्तर सोपं आहे. लाकडं फोडतो.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला तेव्हा आमच्या वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ मुळासकट आडवी झाली. माझ्याच वयाची असेल. लहानपणी बकऱ्यांसाठी तिच्या शेंगा वेचल्यात. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला तेव्हाच सांगून ठेवलं, हिला कोणी हात लावू नका, मी येऊन तोडतो. भाऊ म्हणाला, "या. कुऱ्हाड धार लावून ठेवतो, अन् डॉक्टरलेही सांगून ठेवतो."

थंडीचा पत्ता नाही. पहाटे साधी चादर पुरते, शेकोटीला कुत्रंसुद्धा बसत नाही. ढगाळलं की तुरीवर अळी पडते म्हणून सगळे कावलेले. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 वर गेला होता. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत लोकांनी मोडक्या खाटांचे पाय जाळले होते. यंदा त्याच लोकांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचे सदरे. पण लाकूड फोडायला याहून चांगले दिवस नाहीत. घाम येतो, पण जीव जात नाही. आणि जळण खर्चच होत नसल्यामुळे फोडलेलं तेवढं थप्पीला लागतं.

परवानगीची भानगड कोणी काढण्याआधी सांगतो. 1964 चा झाडं तोडण्याचा जो कायदा आहे त्याच्या यादीत साग, खैर, मोह, चिंच, आंबा असे मानकरी आहेत. बाभूळ नाही. शिवाय ही बाई आपणहून पडलेली.

बुंधा तालुक्याहून आणलेल्या भाड्याच्या चेनसॉने कापला, तेवढं एक शहाणपण केलं. पुढचं सगळं कुऱ्हाड, पाचर आणि घण. वरची काळी साल भेगाळलेली, तिच्याखालचं पांढरं लाकूड भुंगेऱ्यांनी इतकं पोखरलेलं की घाव घातला की पिठासारखा भुसा उडतो. पण आत शिरलात की लाल गाभा, आणि तिथे कुऱ्हाड टण्णकन उसळते. ओली होती तेव्हाच फोडायला हवी होती, असं आता गावातलं शेंबडं पोरही मला सांगून जातं. तिसऱ्या दिवशी एका गाठीत कुऱ्हाड अशी रुतली की दांड्यावर दोघं लोंबकळलो तरी निघेना. शेवटी बाजूने दोन पाचरी ठोकून गाठच उकलली.

सुतार येऊन गेला. दुबेळक्याच्या (जिथे खोडाला दोन फाटे फुटतात त्या) ओंडक्यावर टिचकी मारली, कान लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी गाय कापायला काढली आहे. "हे जाळता काय? डवऱ्याचं खोड निघते ना याच्यात!" डवरा म्हणजे आपलं कोळपं. तो ओंडका बाजूला ठेवलाय. समोरचे म्हातारेबुवा रोज थप्पी मोजतात. काल म्हणाले, "चार क्विंटल माह्या नावानं अलग ठेवजो बा. मंग तुले अमेरिकेतून याचं काम नाही पडत."

एक काडी वाया जाऊ दिली नाही. बुंधा तर आणलाच, पण फाटे, काट्या, ढलप्यासुद्धा ट्रॅक्टरने घरी. सगळं फुकट! वाड्याच्या भिंतीला लावून अशी थप्पी रचली आहे की आपल्याकडच्या कुठल्याही फायरप्लेसवाल्याने मान डोलवावी.

उधई (वाळवी) लागू नये म्हणून खाली काय घालावं? इथे मतं फार आहेत.

नाना

---

प्रेषक: दादा, अ‍ॅन आर्बर
7 डिसेंबर

नाना, जळलो. (शब्दशः नाही.)

इथेही यंदा ड्राइव्हवेवर फावडं फिरवायची वेळ आलेली नाही. मीसुद्धा गेले तीन शनिवार हाच उद्योग करतोय. मागच्या अंगणातली अ‍ॅशची दोन झाडं मेलेली होती. नव्या मंडळींसाठी सांगतो: 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ तो हिरवा चमकता भुंगेरा पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून या राज्यातले अ‍ॅश उभ्या उभ्या वाळले. सालीच्या आत अळीने काढलेली नागमोडी नक्षी पाहिली की सुंदर म्हणावं की रडावं कळत नाही. म्हणून तर इथे सारखं बजावतात की सरपण जिथलं तिथेच जाळा, कॅम्पिंगला जाताना गाडीत घालून नेऊ नका. सरकारी जंगलातून मेलेलं, पडलेलं लाकूड उचलायचं तरी परवाना लागतो.

उधईसाठी दगड किंवा विटांवर दोन आडवी लाकडं टाका आणि त्यावर रचा. थप्पी भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं; ते वीस टक्क्यांवर येईपर्यंत नुसता धूर खायचा. आणि सालीखाली हात घालताना जपून. थंडी नाही म्हणजे विंचू झोपलेले नाहीत.

एकूण किती निघालं? आम्ही इथे कॉर्डमध्ये मोजतो, 128 घनफूट म्हणजे एक.

---

प्रेषक: मंडळ कार्यकारिणी
8 डिसेंबर

सविनय सूचना: संक्रांतीच्या कार्यक्रमाची नावं या धाग्यावर देऊ नयेत, ती वेगळ्या मेलने पाठवावीत. काल दोन कुटुंबं "लाकडं" या विषयाखाली नोंदली गेली आहेत.

---

प्रेषक: ताई, ग्रँड रॅपिड्स (मूळची अकोल्याची)
8 डिसेंबर

नाना, बाभळीचं कौतुक पुरे. तुमच्या गावाचं खरं सरपण बाभूळ कधीच नव्हतं, ते पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळकी झाडं. माझी आजी म्हणायची, भाकर पऱ्हाटीवर, पुरण बाभळीवर. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. चुलीपुढून उठायची सोय नाही. बाभळीचा निखारा राहतो, म्हणून वरणाचं आधण ठेवून बाई ढोरांचं शेण काढून येऊ शकते.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकले, म्हणून राहवत नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने जो उच्छाद मांडला त्यानंतर सगळे कानीकपाळी ओरडताहेत की कापूस डिसेंबर-जानेवारीत आटपा, फरदड (त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) घेऊ नका, आणि पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचून ठेवू नका. न उमललेल्या बोंडांत अळी तशीच बसून राहते आणि पुढच्या हंगामाची वाट पाहते. हे मी दर वेळी माहेरी सांगते. वहिनी ऐकून घेते आणि विचारते, "मंग पावसाळ्यात चुलीत काय घालू, तुमचा कागद?" याला माझ्याकडे उत्तर नाही. सिलिंडर आहे तिच्याकडे, 14.2 किलोचा, झाकून ठेवलेला. चहा आणि पाहुणे यांच्यासाठी. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं तिच्या लेखी दूध मोरीत ओतण्यासारखं आहे.

तुमच्या घरी पऱ्हाटी कुठे रचतात ते बघा जरा.

---

प्रेषक: वहिनी, लान्सिंग (माहेर धानोरा, गडचिरोली)
9 डिसेंबर

सगळे थप्पीबद्दल बोलताहेत. मला एकच विचारायचं आहे. नाना, त्या बाभळीचे फाटे दरवर्षी कोण न्यायचं?

तुम्ही लिहिलंत, एक काडी वाया जाऊ दिली नाही. गावात काडी वाया जात नसते, हो. ती कोणाची तरी असते. आमच्याकडे याला निस्तार म्हणतात. जंगलातून जळतन, बांबू, कुंपणाच्या काट्या आणायचा गावाचा हक्क, जुन्या मध्य प्रांतापासूनचा. 2006 च्या वनहक्क कायद्यात तो शब्द तसाच आला आहे. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा मी इथे बर्फात बसून रडले होते.

वावरातल्या पडलेल्या झाडाला असला कागद नसतो. पण समजूत असते. बुंधा मालकाचा, फाटा वेचणाऱ्याचा. माझी आई वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन यायची. कुठल्या धुऱ्यावरचं काय आपलं आणि काय नाही, हे तिला तलाठ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. तुमच्या भागात तर बायका जंगलाकडे जायलाही घाबरतात. टी-1 या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीच्या वेळी मी रोज बातम्या वाचत होते. मग उरतात ते धुरेच ना?

रागावू नका. पण विचारून बघा.

---

प्रेषक: नाना
12 डिसेंबर

वहिनी, रागावलो होतो. अर्धा दिवस. मग भावजयीला विचारलं.

ती भाकरी थापत होती, वर पाहिलंही नाही. "पल्याडची मावशी नेते. तुमाले कोनी सांगतलं नाही काय?" मग एकेक निघालं. पल्याडची मावशी एकटी राहते. 2 नोव्हेंबर 2018 ला ती वाघीण मारली गेली, त्याच्या आधीपासून तिचं जंगलात जाणं सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून ती आमच्याच धुऱ्यावरचे वाळके फाटे न्यायची. बाभूळ पडली तेव्हा तिने भावाला विचारून ठेवलं होतं: पानं गळू द्या, फाटे वाळू द्या, वेचणी आटपली की नेईन. भाऊ हो म्हणाला होता. मी ट्रॅक्टर आणला त्या दिवशी भाऊ जिनिंगवर कापूस घेऊन गेलेला. आणि घरात अमेरिकेच्या पाहुण्याला "थांबा" म्हणायचं कोणी?

खरं सांगायचं तर मी तिला पाहिलं होतं. लाकडं फोडत होतो तेव्हा रोज संध्याकाळी वेचणीवरून येताना ती धुऱ्यावर थांबायची. ओटीचा कापूस झटकायची, पदराने तोंड पुसायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. मला वाटायचं दमली असेल. एकदा तर मी तिला पाणी विचारलं.

काल तिच्या दारात गेलो. म्हटलं, मावशी, चुकलं, सगळे फाटे वाड्यात पडलेत, पाहिजे तेव्हा घेऊन जा. ती म्हणाली, "नाही बाप्पा. धुऱ्यावर होते तवा माहे होते. आता तुमच्या वाड्यातले झाले." मी म्हटलं, पोचवून देतो. म्हणाली, "मी मागाले आली होती काय?" आवाज चढलेला नाही, काही नाही. वर चहा पाजला. चूल धुमसत होती, आत पऱ्हाटीच्या ओल्या मुळ्या.

म्हणून आज सकाळी बंडी जुंपली. ट्रॅक्टर पुन्हा मागायची लाज वाटली. फाटे, काट्या, सगळं भरून परत धुऱ्यावर नेलं आणि जिथे झाड पडलं होतं तिथेच टाकलं. तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला एका सालीखालून विंचू निघाला, चांगला बोटाएवढा, काळा. दादा, तुमचं पत्र आठवलं म्हणून हात वाचला. पांदणीत जो भेटला त्याने थांबवून विचारलं, नाना, लोक वावरातून लाकडं घरी आणतात, तुम्ही घरून वावरात काहून नेता? म्हातारेबुवा तर ओट्यावरून ओरडले, "माह्या चार क्विंटलातलं नेऊ नको रे!"

संध्याकाळी मावशी वेचणीवरून आली. ढिगाजवळ थांबली. दोन फाटे उचलून मोडून पाहिले, कडकन वाजले. मग मोळी बांधायला बसली. मी धुऱ्यावर बसलो होतो, माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळले बरोबर."

सुताराला दुबेळकं देऊन टाकलं. ताई, पऱ्हाटी कोठ्याच्या मागे रचतात, भावाला बोलतो, पण तुमच्या वहिनीने विचारलं तेच तोही विचारणार. दादा, कॉर्डबिर्ड मोजली नाही, थप्पी आता कमरेएवढीच आहे.

माझी कंबर मात्र धरली आहे. शेकायला पाणी हवं होतं. भावजय म्हणाली, घरात पेटवायला बारीक फाटा एक उरला नाही, नुसत्या ओंडक्यांना काय काडी लावू? पाणी गॅसवर ठेवलंय.

नाना