बाथरूमलगतच्या भिंतीची ओल स्वतः काढायची आहे, बजेट सहा हजार, सल्ला हवा

आंबोळी_ऐरोली:
सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. बेडरूमच्या भिंतीमागे बाथरूम आहे. खालून तीन फुटांपर्यंत रंगाला फुगे आलेत, पोपडे निघतायत, पांढरा खार धरलाय. भिंत १० बाय ९, बाथरूम ६ बाय ४, टाइल्स १ बाय १ फुटाच्या. रंगाऱ्याचा आकडा परवडत नाही, म्हणून सगळं हाताने करणार. सहा हजारांच्या वर जाणार नाही. बाथरूम एकच आहे, दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही. वॉटरप्रूफ पुट्टी घेऊ की ओल रोखणारा रंग? दिवाळीआधी व्हायला हवं.

घोडबंदर_दादा:
अख्खं बाथरूम फोडा. नवीन वॉटरप्रूफिंग, सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे पाइप, २ बाय २ टाइल्स. तीस-चाळीस हजार जातील, पण पुढे बघायला नको. सहा हजारांत मलमपट्टीच होते.

नेरूळ_पाटा:
ओल रोखणारं कोटिंग आणा. दोन हात मारा, वर पुट्टी, प्रायमर, इमल्शन. आमच्याकडे हेच आहे, भिंत काचेसारखी आहे.

कळवा_करणी:
ताई, आधी दोन्ही नको. पाणी कुठून येतंय ते शोधा. ओल नळाच्या उंचीवर असेल तर भिंतीतला पाइप. स्कर्टिंगपासून, म्हणजे भिंतीच्या तळच्या पट्टीपासून वर चढत असेल तर बाथरूमच्या टाइल्सचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं भोक. रात्री ट्रॅपमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बोळा घट्ट बसवा, इंचभर पाणी साठवा, पेन्सिलीने खूण करा. सकाळी पातळी चांगलीच उतरलेली दिसली तर फरशी गळतेय.

तसं असेल तर इपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरायचा रेझिनचा मसाला. ३ मिमी सांधे धरले तर फरशी आणि भिंतीच्या खालच्या एका फुटाला किलोभराचा पॅक पुरतो. जुनं ग्राउट हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने निदान अर्ध्या जाडीपर्यंत खरवडा. ग्राइंडर नको, टाइलच्या कडा उडतात. सांधे ब्रशने झाडून पूर्ण कोरडे करा, ओल्या सांध्यात इपॉक्सी धरत नाही. रेझिन आणि हार्डनर पॅकमधल्या मापानेच मिसळा. एका वेळी पाव पॅकच कालवा, पाऊण तासात कडक व्हायला लागतं. रबरी पट्टीने तिरकं दाबून भरा आणि लगेच ओल्या स्पंजने टाइल पुसा. राहिलेला थर नंतर निघत नाही. फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नको, तिथे हालचाल असते, सिलिकॉन सीलंट भरा. निदान २४ तास पाणी नको, म्हणजे तुमच्या दोन दिवसांत बसतं.

वाशी_सेक्टर९:
वर लिहिलंय तेच, आधी गळती शोधा. आणि बाथरूम ॲसिडने धुणं बंद करा. सिमेंटचं ग्राउट त्यानेच खाल्लं जातं.

घोडबंदर_दादा:
ग्राउट भरून पाइपची गळती थांबते का? जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप आतून सडतात. फोडायलाच लागणार.

कळवा_करणी:
दादा, पाइपची शंका असेल तर रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघायचा. काटा हलला तर पाइप, नाही हलला तर फोडायचं कशाला? आणि ६ बाय ४ मध्ये २ बाय २ टाइल लावली की नहाणीकडे उतार देताना कापाकापी होते.

कोपरखैरणे_काकू:
पाणी वरच्या घरातून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येत नाही ना, तेही बघा. पावसाचं आणि बाहेरच्या सामाईक पाइपाचं लीकेज आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने करायचं असतं. आपल्या बाथरूमचं आपण. सेक्रेटरीला लेखी द्या, तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही.

नेरूळ_पाटा:
एवढा घोळ कशाला? कोटिंग मारलं की संपलं.

कळवा_करणी:
ओल्या भिंतीवर खोलीच्या बाजूने कोटिंग मारलं की आतलं पाणी थरामागे अडकतं. मग ते वर चढतं आणि कोटिंग संपतं तिथे पुन्हा फुगे. खार प्लास्टरसकट थर सोलून काढतो. आधी पोपडे प्लास्टरपर्यंत खरवडा, नाण्याने ठोकून बघा, पोकळ वाजेल ते प्लास्टर पाडून नवीन भरा. खार कोरड्या ब्रशनेच झाडा, पाणी लावलं तर परत आत शिरतो. मग भिंत उघडी सोडा. फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस चिकटवा. मागून दमट झालं तर पुट्टीची घाई नको. दिवाळीचा हट्ट सोडा, वाळायला महिने लागतात.

आंबोळी_ऐरोली:
सर्वांचे आभार. खूण केली होती, पाणी जवळजवळ अर्धं उतरलं. मीटर हलत नाही. इपॉक्सी आणि सिलिकॉन घेतलं, शनिवार-रविवारी करते. कोटिंग नाही, तोडफोड नाही. पण दिवाळीला उघडं प्लास्टरही ठेवणार नाही. खालच्या चार फुटांना चुना देणार. भिंतीला श्वास घेता येईल, ओल राहिली तर डाग लगेच दिसेल आणि सहा हजारांतले पैसेही उरतील.

नेरूळ_पाटा:
चुना कपड्यांना लागतो.

कळवा_करणी:
लागतो, म्हणून पलंग चार बोटं लांब ठेवा. चुना पातळ करून दोन-तीन हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंतीवर पाण्याचा हलका हबका मारा. खार झाडून झाल्यावरच, आणि ओघळेल एवढं पाणी नको. कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना आणलात तर लोखंडी बादलीत आधी पाणी घ्या आणि चुना थोडाथोडा टाका, उकळतो. प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा लावा. रात्रभर निवू द्या आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्या.