पर्सिव्हिअर आणि पर्सिस्ट, नेमका कुठे कुठला?

रानवारा: आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालूये, रायटिंगसाठी शब्द गोळा करतोय. डिक्शनरीत पर्सिव्हिअर आणि पर्सिस्ट दोन्हीपुढे 'चिकाटीने करत राहणे' एवढंच दिलंय, मग कधी काय वापरायचं? उच्चार पण सांगा, आमच्या क्लासमध्ये अर्धे जण पर्सेव्हर म्हणतात.

चकलीवाली: पर-सि-व्हिअर, जोर शेवटी, बिअरशी यमक जुळतं 😄 पुष्कळ लोक मधे जादा र घुसवून पर्सर्व्हिअर करतात तसं नाही. पर लिहा आणि पुढे सिव्हिअर, म्हणजे कडक उन्हाळ्यातला सिव्हिअर, झालं स्पेलिंग.

जुनामास्तर: पर्सिव्हिअर माणूसच करतो, काम अवघड आहे हे माहीत असून स्वतःहून नेटाने लावून धरतो, आणि बोलणाऱ्याला त्याचं कौतुक असतं. नासाने 2021 मध्ये मंगळावर उतरवलेल्या गाडीचं नाव पर्सिव्हरन्स ठेवलं ते उगीच नाही. पर्सिस्ट मात्र खोकलाही करतो, पाऊसही करतो, औषधाच्या खोक्यावर 'इफ सिम्प्टम्स पर्सिस्ट' असतं ना, तिथे कौतुक कसलं, त्रास काही जात नाहीये एवढंच. माणसाबद्दल 'ही पर्सिस्ट्स इन कॉलिंग मी' म्हटलं तर नको म्हटलं तरी फोन करतोच, असा वैताग त्यात येतो. पण पर्सिस्टंट हे विशेषण चांगल्या अर्थानेही चालतं, तिथे घाबरू नका.

कोपरखळी: एक सांगू का, स्पीकिंगमध्ये पर्सिव्हिअर शक्यतो नकोच. गप्पा मारताना लोक 'आय स्टक विथ इट' नाहीतर 'आय केप्ट अॅट इट' म्हणतात. अवजड शब्द कोंबले की पाठ करून आलाय हे समोरच्याला लगेच कळतं.

रानवारा: भारी, थँक्स सगळ्यांना. मग रायटिंगमध्ये हे चालेल का, 'डिस्पाइट ऑफ लॉसेस, द फार्मर पर्सिव्हिअर्ड हिज फार्म'?

जुनामास्तर: दोन दुरुस्त्या. डिस्पाइटनंतर ऑफ येत नाही, ते इन स्पाइट ऑफमध्ये येतं, आपल्याकडे हे दोन कायम एकत्र कालवले जातात. आणि पर्सिव्हिअरला थेट कर्म लागत नाही, मधे विथ हवं. 'डिस्पाइट हेवी लॉसेस, द फार्मर पर्सिव्हिअर्ड विथ ऑर्गॅनिक फार्मिंग' असं करा. नुसतं फार्म लिहिलं तर नेमकं काय नेटाने चालू ठेवलं ते कळत नाही.