मदत हवी आहे: खापरपणजीचं माहेरचं आडनाव कसं शोधू?

माझ्या अमेरिकन सासूबाईंच्या घराण्याची वंशावळ करतेय. त्यांचे खापरपणजोबा १८५२ मध्ये बैल जुंपलेल्या वॅगनमधून मिसुरीहून ओरेगॉनला गेले. खापरपणजीचं फक्त 'मेरी' एवढंच माहीत. घरच्या बायबलमध्ये जन्म-लग्नाच्या नोंदी लिहीत, पण त्याचा नेमका तोच कोपरा फाटलाय!

१८५० च्या जनगणनेत मिसुरीत खापरपणजोबांच्याच नावाचे तीन पुरुष, दोघांच्या बायका मेरी. १८४० ला फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, त्यामुळे तिथे माहेर कळत नाही. ओरेगॉनमध्ये सरकारकडून मिळालेल्या जमिनीची (३२० एकर, निम्मी मेरीच्या नावावर) फाइल मागवली. लग्नाची तारीख आणि काउंटी (जिल्हा) मिळाली, पण त्या काउंटीचं जुनं दप्तर जळालेलं.

मिसुरीला जाणं जमणार नाही; ऑनलाइन किंवा टपालानंच.

फाइलमध्ये लग्नाबद्दल साक्ष देणारे दोघे एकाच आडनावाचे आहेत. ते तिचे भाऊ होते की नुसते वाटेतले सोबती, हे कुठल्या कागदावरून ठरवता येईल?