डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रोग्राम लिहून घ्यावा, की त्यातली चूक शोधायला लावावी?

मूळ मांडणी : अध्यापक, रत्नागिरी जिल्ह्यातील एक अभियांत्रिकी महाविद्यालय

दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती मांडून ठेवण्याच्या रचना, शिकवण्याचे हे माझे अकरावे वर्ष आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात जे दृश्य दिसते, ते मला दरवर्षी अधिकच खटकू लागले आहे. मुले जर्नल उघडून एव्हीएल ट्रीमध्ये (स्वतःचा तोल राखणाऱ्या, झाडासारख्या रचनेत) नोंद घालण्याचा प्रोग्राम, तोल सावरणाऱ्या चारही रोटेशनांसह, पाढ्यांसारखा घोकत असतात. चिठ्ठी उचलायची, आलेला प्रोग्राम आठवून टंकायचा, तो चालला की बाह्य परीक्षकांना दोन व्याख्या सांगून मोकळे व्हायचे, एवढाच तो सोहळा असतो. गेल्या सत्रात असा प्रोग्राम बिनचूक लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी विचारले, की येणाऱ्या नोंदी आधीच चढत्या क्रमाने असतील, तर साध्या बायनरी सर्च ट्रीचे (लहान नोंदी डावीकडे आणि मोठ्या उजवीकडे ठेवणाऱ्या झाडाचे) काय होईल. ती गप्प राहिली. झाड एकाच बाजूला लोंबत जाते आणि शोधाचा वेग साध्या यादीइतका मंद होतो, ही अडचण दूर करण्यासाठीच अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ साली एव्हीएल ट्रीची रचना मांडली, पण ती अडचणच तिच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, की परीक्षेत प्रोग्राम लिहून घेण्याऐवजी तो छापून द्यावा, त्यात एक चूक ठेवावी, आणि कोणत्या इनपुटवर तो कोसळेल हे विद्यार्थ्याने तक्ता मांडून दाखवावे. उदाहरणार्थ, बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर फेरीला मधली नोंद पाहून निम्मा भाग वगळत शोधताना, मधले स्थान काढण्यासाठी आपण सर्रास आरंभ आणि अंत यांची बेरीज करून तिला दोनाने भागतो. आमच्या पिढीने ज्या टर्बो सी या जुन्या प्रोग्रामिंग साधनावर हात साफ केला, त्यात पूर्णांक सोळा बिटांचा असे आणि ३२,७६७ च्या पुढे तो उलटून ऋण होत असे. वीस हजार नोंदींच्या यादीत शेवटची नोंद शोधू लागलो, की तिसऱ्याच फेरीत आरंभ १५,००० आणि अंत १९,९९९ होतो, बेरीज ३४,९९९ ऐवजी उणे ३०,५३७ येते आणि प्रोग्राम यादीच्या बाहेर जाऊन पडतो. हीच चूक जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीत (तयार प्रोग्रामांच्या संचात), स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये, होती हे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीरपणे सांगितले होते. ज्याने हा तक्ता एकदा हाताने मांडला, तो मधले स्थान काढताना पुन्हा कधी बेफिकीर राहणार नाही.

शिकवतानाही मी परिसरातूनच सुरुवात करतो. शेवटी ठेवलेले आधी बाहेर येते त्या स्टॅकला मी वर्गात उतरंड म्हणतो, कारण तळाचे मडके काढायचे तर वरची सगळी उतरवावी लागतात, हे आजीच्या घरी पाहिलेल्या मुलाला वेगळे समजवावे लागत नाही. फेरीबोटीला दोन्ही टोकांना रॅम्प असेल, तर तिच्यातली वाहने रांगेसारखी बाहेर पडतात, आणि एकाच टोकाला असेल तर उतरंडीसारखी. वर्गवारीसाठी आंब्याचे उदाहरण घेतो. हजार फळांचा लहानमोठा क्रम केवळ एकमेकांशी तुलना करून लावायचा, तर वाईटात वाईट प्रसंगी निदान साडेआठ हजार तुलना लागतात, पण बागेतला गडी प्रत्येक फळ एकदाच काट्यावर ठेवतो आणि चार डझनी की पाच डझनी पेटीचे हे ठरवून त्या त्या क्रेटमध्ये टाकतो, म्हणजे हजार वजनांत त्याचे काम संपते.

प्रतिसाद : मूळचा कुडाळचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता

सर, आपला त्रागा समजतो, पण उपाय मला पटत नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, आणि पॉइंटर (पुढच्या नोंदीचा पत्ता) चुकून प्रोग्राम दहा वेळा कोसळल्याशिवाय लिंक्ड लिस्ट, म्हणजे अशा पत्त्यांनी जोडलेली यादी, समजत नाही. दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक शोधणे हे पुढचे कौशल्य आहे. ते ज्याला येते, त्याने आधी स्वतःच्या हाताने पुष्कळ चुका केलेल्या असतात. आपल्याला त्या १५,००० आणि १९,९९९ च्या तक्त्यातली गंमत दिसते, याचे कारण आपण टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर रात्री घालवल्या आहेत. विद्यार्थ्याला थेट तक्ता दिलात, तर पुढच्या वर्षी व्हरांड्यात तक्ते पाठ होतील. जुन्या चिठ्ठ्यांतल्या चुकांची यादी वरच्या वर्गातून खालच्या वर्गात कशी उतरते, हे आपल्याला मी सांगायला नको.

शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत प्रोग्राम लिहून देतात, त्यामुळे लिहिणे गौण झाले, असा सूर सध्या ऐकू येतो. माझा अनुभव उलटा आहे. माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांपैकी ज्यांनी हॅश टेबल (किल्लीवरून नोंदीचा खण ठरवणारी रचना) कधी स्वतः बांधलेले नसते, ते तयार हॅश टेबलवर डोळे मिटून विश्वास टाकतात. डिसेंबर २०११ मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवून दिले, की मुद्दाम एकाच खणात जाऊन पडतील अशा किल्ल्या पाठवल्या, तर पीएचपी, जावा, पायथन अशा अनेक भाषांमधली तयार हॅश टेबले गुदमरतात आणि एका छोट्या विनंतीने सर्व्हर अडकून राहू शकतो. ज्याने खण आणि त्यांना लटकणाऱ्या साखळ्या स्वतः लिहिल्या आहेत, त्याला हे एका वाक्यात कळते. बाकीच्यांसाठी मला फळा लागतो.

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापक, अलिबाग

आपण दोघेही प्रोग्रामभोवती फिरत आहात, एक जण लिहिण्याच्या बाजूने आणि दुसरे वाचण्याच्या. माझ्या मते उणीव त्याच्या आधीच्या पायरीवर आहे, आणि आंब्याच्या उदाहरणात ती उघडी पडते. त्या गड्याने क्रम लावलेलाच नाही. एकाच क्रेटमधल्या दोन फळांत कोणते जड, हे त्याला सांगता येणार नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. त्यामुळे साडेआठ हजार तुलना आणि हजार वजने ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, पण वर्गात ती शेजारी शेजारी ठेवल्यामुळे मुलांना वाटते, की गड्याने सिद्धांतावर मात केली. प्रश्न नेमका काय आहे, हे आधी लिहून काढण्याची शिस्त आपण शिकवत नाही.

याहून गंभीर उदाहरण देतो. कमीत कमी तारेत सगळी गावे कशी जोडावीत, हा प्रश्न चेक गणिती ओटाकार बोरूव्का यांनी १९२६ साली मोराव्हियातल्या वीजजाळ्याच्या निमित्ताने सोडवला. आज आपण तो क्रुस्कल (१९५६) आणि प्रिम (१९५७) यांच्या नावांनी शिकवतो. आता रायगडच्या किनाऱ्यावरची वीस गावे घ्या आणि विद्यार्थ्याकडून प्रिमचा प्रोग्राम लिहून घ्या. तो अचूक असेल, तक्ताही अचूक येईल आणि बाह्य परीक्षक पूर्ण गुण देतील. परंतु अशा जाळ्यात कोणत्याही दोन गावांमध्ये एकच वाट उरते, म्हणून कुठलीही एक तार तुटली की जाळ्याचे दोन तुकडे होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले आणि खांब ओळीने आडवे झाले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. मी काही वीजतज्ज्ञ नाही आणि त्या अंधाराचे कारण जाळ्याचा आकार होता असे म्हणण्याचे धाडस करणार नाही, पण त्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात बसून मला सतत वाटत होते, की ‘कमीत कमी तार’ हे ध्येय मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आणि ते कोणी ठरवले, असे एकाही मुलाने मला विचारले नाही, कारण मीच कधी विचारायला शिकवले नव्हते.

तात्पर्य, आधी प्रश्नाची नेमकी मांडणी, मग प्रत्येक फेरीआधी काय सत्य असते याची सिद्धता, आणि प्रोग्राम सर्वांत शेवटी, हा क्रम ठेवावा.

प्रतिसाद : कुडाळचा अभियंता

प्राध्यापक महोदय, सिद्धतेबद्दल आदर ठेवूनच म्हणतो. ‘शोधायची नोंद असलीच, तर ती आरंभ आणि अंत यांच्या दरम्यान आहे’ हे विधान धरून बायनरी सर्चची सुबक सिद्धता देता येते, आणि बेरीज उलटण्याची चूक त्या सिद्धतेतून अलगद निसटते, कारण कागदावरचे पूर्णांक कधी उलटत नाहीत.

प्रतिसाद : अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, चिपळूण

आमच्या बाजूचा एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. दुसऱ्या वर्षी प्रोग्राम पाठ करणे हाच माझ्यासाठी सर्वांत न्याय्य भाग होता, कारण तो चालला की चालला, त्यात माझे इंग्रजी कोणी मोजत नव्हते. भीती वाटायची ती तोंडी परीक्षेची. उत्तर मनात असायचे आणि वाक्य जुळेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे गेलेले असायचे. ‘का कोसळेल ते सांगा’ अशा प्रश्नांचे गुण वाढवले, तर फाडफाड बोलणारी मुले पुढे जातील आणि ज्यांना खरोखर समजले आहे, अशा काहींना केटी लागेल, म्हणजे विषय राहील. पाठांतर वाईट आहे हे मलाही कळते, पण आमच्यासारख्यांना त्याचा आधार होता, हेही सरांनी लक्षात घ्यावे.

मूळ मांडणी करणारे अध्यापक

या शेवटच्या मुद्द्याने मला सर्वाधिक विचारात पाडले, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तक्त्याला भाषा लागत नाही. आरंभ, मध्य आणि अंत यांचे तीन रकाने भरले आणि कोसळण्याच्या ओळीखाली रेघ मारली की उत्तर पूर्ण होते, आणि त्याचे गुण तोंडी परीक्षेपासून वेगळे ठेवता येतील. स्पष्टीकरण मराठीत लिहिण्याची मुभा असावी, असा आग्रह मी विभागात धरीन. बाह्य परीक्षक कुठून येतील आणि त्यांना मराठी वाचता येईल की नाही हे माझ्या हातात नाही, तेवढी अडचण उरते.

कुडाळच्या मित्रांचे निम्मे म्हणणे मी मान्य करतो. लिंक्ड लिस्ट, बायनरी सर्च आणि हॅश टेबल हे तीन प्रोग्राम प्रत्येकाने स्वतः लिहिलेच पाहिजेत, परंतु ते सत्रभर, टर्म वर्कमध्ये, कोसळत आणि दुरुस्त करत लिहावेत. एव्हीएलची चार रोटेशने मात्र मी प्रात्यक्षिक परीक्षेतून काढणार आहे. ती कागदावर करता आली की पुरे. तक्ते पाठ होण्याची भीती खरी आहे, त्यावर दरवर्षी नव्या चुका पेरण्याचे कष्ट मलाच घ्यावे लागतील.

अलिबागच्या सरांना एवढेच सांगतो, की आंब्याचे उदाहरण मी सोडणार नाही, पण यापुढे ते मांडल्यावर ‘गड्याने नेमका कोणता प्रश्न सोडवला?’ असे विचारीन आणि उत्तर येईपर्यंत पुढे जाणार नाही.

प्रतिसाद : चिपळूणची विद्यार्थिनी

सर, एक शंका आहे. प्रत्येक चिठ्ठीतल्या प्रोग्राममध्ये चूक असणारच हे माहीत असेल, तर आम्ही मोठ्यात मोठी संख्या, रिकामी यादी, एकच नोंद असली ठरावीक इनपुटे क्रमाने लावून बघू आणि कुठेतरी तो कोसळेलच. एखाद्या चिठ्ठीतला प्रोग्राम निर्दोष ठेवला, तर मात्र तसे करून भागणार नाही. पण मग तो निर्दोष आहे, हे आम्ही तक्त्याने कसे दाखवायचे?