मांजराची शिंक: ॲलर्जी की संसर्ग?

राखाडी_शेपूट:
नवीन आणलेलं अडीच महिन्यांचं पिल्लू परवापासून शिंकतंय. डोळ्यांतून पाणी येतंय, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. खाणं कमी झालंय. घरातली मोठी मांजर ठणठणीत आहे, लसीही झाल्यात. ही ॲलर्जी असू शकते का? आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करावं का?

खडबडीत_जीभ:
चिकट पापण्या, मंदावलेली भूक, त्यात नुकतंच बदललेलं घर. संसर्ग धरूनच चाला. ॲलर्जीत ताप नसतो आणि भूक सहसा टिकून असते. एकाच नाकपुडीतून स्राव येत असेल तर आत काडीबिडी अडकल्याची शंका घ्यायची. मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून खोकत असेल तर दम्याची.

बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी, यांतला एक विषाणू निघतो. हर्पिसचा जोर नाकाडोळ्यांवर. एक डोळा घट्ट मिटून धरला असेल तर बुबुळावर जखम असू शकते, त्याच दिवशी दाखवा. कॅलिसीसाठी तोंड उघडून बघा: जिभेवर फोड, लाळ, कधी लंगडणंही, आज या पायाने तर उद्या त्या. शिंका जेमतेम पण आधी एक डोळा लाल होऊन सुजला आणि काही दिवसांनी दुसरा, तर क्लॅमिडिया, हा विषाणू नाही, जीवाणू. नक्की कुठला ते स्वॅबच्या पीसीआरवरूनच कळतं, कधीकधी दोन एकत्रही असतात.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्राव पिवळा-हिरवा झाला, ताप आला, म्हणजे वर जीवाणूंचाही संसर्ग झाल्याची शंका, तर डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देतील. ती गोळी कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. मागून सिरिंजने 5-6 मिली पाणी हळूहळू पाजा. घरात उरलेले स्टेरॉईडचे डोळ्यांचे थेंब अजिबात नकोत; हर्पिसची जखम त्याने चिघळते. पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विषच.

राखाडी_शेपूट:
वेगळं किती दिवस ठेवू? आणि मोठीला लस आहे ना?

तिसरी_पायरी:
लस आजाराची तीव्रता कमी करते, लागण अडवतेच असं नाही. किमान 14 दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी लिटर ट्रे. शिंकेचे थेंब मीटरभर तरी जातात, त्यामुळे एकाच खोलीत दोन पिंजरे ठेवून भागत नाही. आधी मोठीचं सगळं उरका, मग पिल्लाकडे जा. बाहेर आल्यावर हात साबणाने धुवा, कपडे बदला.

सफाईत खरी फसगत कॅलिसीची होते. हर्पिस शरीराबाहेर दिवसभरात मरतो. कॅलिसी कोरड्या जागी महिनाभर टिकू शकतो आणि सॅनिटायझरला दाद देत नाही. साबणाने घासून घ्या, मग साध्या 5 टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे 32 भाग, 10 मिनिटं राहू द्या, नंतर धुऊन पूर्ण वाळवा.

खडबडीत_जीभ:
नाक चोंदलं की वास येत नाही, म्हणून मांजर जेवत नाही. ओल्या कापसाने नाक पुसा, खाणं कोमट करून द्या. या वयाचं पिल्लू 12 तास काहीच खात नसेल तर थांबू नका. झोपेत श्वास मोजा: मिनिटाला 40 च्या वर किंवा तोंड उघडून श्वास, म्हणजे तातडीने दवाखाना.

तिसरी_पायरी:
हर्पिस निघाला तर तो शरीरात कायमचा राहतो. पुढे प्रवास, बोर्डिंग, नवं मांजर अशा ताणानंतर साधारण आठवड्याभराने विषाणू पुन्हा बाहेर पडू लागतो, कधी एकही शिंक न येता.