शब्दचर्चा: ‘गेनकान’ला ओसरी म्हणावे की देवडी?

प्रश्न: जपानमधल्या एका तरुण मिशनऱ्याच्या पत्रांचा अनुवाद चालू आहे. दिवसभर सायकलवरून दारोदार फिरणे, आणि निम्मे प्रसंग घराच्या ‘गेनकान’मध्ये. ओसरी, पडवी, देवडी यांतले काय बसेल? ‘आगारी-कामाची’ला उंबरठा चालेल का?

प्रतिसाद १: ओसरी नकोच. ती जोत्यावर असते, तिथे पाहुणा टेकतो (आणि भटाला दिली तर हातपाय पसरतो). गेनकान दाराच्या आत, पण खोलगट, उभे राहण्यापुरते. देवडी म्हटले की पहारेकरी दिसू लागतात. मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘दाराआतली बूट काढायची खोलगट जागा’ एवढे सांगा.

तिथल्या जमिनीला ‘ताताकी’ म्हणतात. माती, चुना आणि निगारी (समुद्राच्या पाण्यातले मीठ काढल्यावर उरणारे कडू पाणी) एकत्र चोपून ती करत, म्हणून ‘तीन’, ‘मिसळ’ आणि ‘माती’ अशा तीन चिन्हांनी लिहितात. आता बहुतेक ठिकाणी फरशी असते, नाव तेच. इथे आपला ‘कोबा’ छान बसतो.

प्रतिसाद २: आगारी-कामाची म्हणजे कोबा संपून घराची जमीन सुरू होते त्या कडेची आडवी लाकडी पट्टी. उंबरठा ओलांडतात, हिच्यावर चढतात. ‘आगारी’तच चढणे आहे. यजमान ‘आगात्ते कुदासाई’ म्हणतो त्याचे ‘आत या’ करू नका, ‘वर या’ करा. मराठीत ते परके वाटत नाही.

पत्रांत हा फरक महत्त्वाचा. दार उघडले म्हणजे बोलावले असे नव्हे. ‘वर या’ कानावर पडेपर्यंत मिशनरी कोब्यावरच उभा. चढताना तो ‘ओजामा शिमास’ म्हणेल, शब्दशः ‘अडथळा करतो’. मराठीत ‘तुम्हाला त्रास देतोय’.

प्रतिसाद ३: ‘बूट काढून आत गेला’ या चार शब्दांत सगळी क्रिया गडप होते. तोंड घराकडे ठेवूनच बूट काढायचे, मोजा कोब्याला न लावता थेट वर पाय टाकायचा, मग कडेला गुडघ्यावर बसून बुटांची टोके दाराकडे वळवून ते बाजूला सारायचे. वळवायचे आहेतच म्हणून आधीच पाठमोरे होऊन काढले, तर यजमानाकडे पाठ होते. नवख्याची चूक बहुधा मोज्याचीच: लेस सोडताना तोल जातो, पाय कोब्यावर टेकतो, आणि तीच धूळ वर जाते. पुढे सपाता, त्या तातामीच्या खोलीबाहेर काढायच्या. संडासातल्या सपाता वेगळ्या. त्याच घालून बैठकीत परतणे ही पत्रांत हमखास येणारी फजिती.

तातामीला ‘चटई’ म्हणू नका. साधारण ५ सेंटीमीटर जाडीचा, परंपरेने भाताच्या पेंढ्याचा घट्ट थर, वर लव्हाळ्याचे विणकाम, लांब कडांना कापडी काठ. खोलीही तातामींत मोजतात, ‘सहा तातामींची खोली’. काठावर पाय देत नाहीत.

प्रतिसाद ४: उंबरठा राखून ठेवा ‘शिकीई’साठी, म्हणजे सरकत्या दारांखालची खोबणीची पट्टी. तिच्यावरही पाय देत नाहीत. हे आपल्याकडे समजावून सांगायला नको. ‘शिकीई गा ताकाई’, उंबरठा उंच आहे, याचा मूळ अर्थ: आपल्या हातून काही आगळीक झाल्याने त्या घरी जायला तोंड नाही. हल्ली ‘आपल्या ऐपतीबाहेरचे’ अशा अर्थानेही सर्रास वापरतात, तेव्हा संदर्भ बघूनच भाषांतर करा. मिशनऱ्यासाठी ‘उंबरठे झिजवणे’ मात्र बिनधास्त वापरा.

प्रश्नकर्ता: आणि ‘मिशनरी’ला पाद्री?

प्रतिसाद ४: आजच्या तरुणाला नको, जपानीत ‘सेन्क्योशी’, मराठीत मिशनरीच. पाद्रीचा जपानी सख्खा भाऊ ‘बातेरेन’, दोघेही पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९मध्ये कागोशिमाला उतरला, त्या काळाचा तो शब्द. मिशनऱ्यांच्या हद्दपारीच्या १५८७च्या फर्मानातही तोच आहे. पत्रे मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक पंथ) तरुणाची असतील तर त्याच्या आडनावानंतर ‘चोरो’ लागेल. चोराशी संबंध नाही. अर्थ ‘वडील’, आणि मराठी बायबलमध्येही मंडळीचे ‘वडील’च आहेत. पण विशीतल्या पोराला वडील म्हटल्यावर वाचक हसेल, तेव्हा ‘एल्डर’ बरे.

प्रश्नकर्ता: शेवटचा, ‘गेताबाको’?

प्रतिसाद १: शब्दशः गेतांची, म्हणजे लाकडी खडावांची पेटी. आत आता सगळे बूटच असतात. ‘जोड्यांचे कपाट’ लिहा.